पाच वर्षं कोणाची? सभागृहाची की खुर्चीची?

नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० तारखेला झालं, २३ला निकाल लागले आणि लगेच एक संदेश मोबाइलवरून फिरू लागला : विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपते आहे, त्या मध्यरात्रीपर्यंत नव्या सरकारचा शपथविधी झाला नाही तर राज्यात राष्ट्रपती राजवट लागणार. वाहिन्यांवरही यावर तावातावाने चर्चा झाल्या. २६ तारीख आली आणि गेली. मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला झाला आणि मधल्या काळात राष्ट्रपती राजवट काही लागली नाही.

हा गोंधळ होतो कारण ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सगळीकडे ‘पाच वर्षं’ हेच शब्द कानावर पडतात. ही पाच वर्षं कधी सुरू होतात, कोणाला लागू असतात आणि कोणाला नाहीत, हे मात्र क्वचितच कोणी नीट सांगतं. मत देणाऱ्याला आपला माणूस किती दिवसांसाठी निवडला हे ठाऊक असणं अगदी मूलभूत आहे. त्यासाठी काही पक्के बसलेले गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज : मुदत संपेपर्यंत सरकार आलं नाही, तर आपोआप राष्ट्रपती राजवट लागते.

राज्यघटनेच्या कलम १७२ नुसार विधानसभेची पाच वर्षं तिच्या पहिल्या बैठकीपासून मोजतात. २०१९चं मतदान २१ ऑक्टोबरला झालं, निकाल २४ ऑक्टोबरला लागले. पण सरकारस्थापनेचा घोळ महिनाभर चालला आणि नव्या सभागृहाची पहिली बैठक २७ नोव्हेंबरला झाली. म्हणून त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती.

नवी विधानसभा अस्तित्वात येण्यासाठी मात्र सरकार असावं लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७३ नुसार निवडून आलेल्या सदस्यांच्या नावांची अधिसूचना निघाली की सभागृह गठित झालं असं मानतात. २०२४ मध्ये ही यादी २४ नोव्हेंबरलाच राज्यपालांकडे गेली होती. जुन्या विधानसभेची मुदत संपण्याआधीच नवी विधानसभा कायद्याने उभी होती. तिची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी झाली, तेव्हा तिची पाच वर्षं त्या दिवसापासून धरायची.

राष्ट्रपती राजवटीचा मार्ग वेगळा आहे. राज्याचा कारभार घटनेनुसार चालवता येत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तरच कलम ३५६ वापरता येतं. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते वापरलं गेलं, कारण कोणत्याच पक्षाला बहुमत जुळवता आलं नव्हतं.

गैरसमज : मुख्यमंत्री पाच वर्षांसाठी निवडला जातो.

मुदत असते ती विधानसभेला. मुख्यमंत्रिपदाला घटनेने मुदत दिलेली नाही. ज्याच्यामागे सभागृहाचं बहुमत, तो मुख्यमंत्री. बहुमत गेलं की पद गेलं. २०१९ च्या विधानसभेने हे तीनदा दाखवलं. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे शपथ घेतलेल्या देवेंद्र फडणवीस यांचं सरकार काही दिवसांतच पायउतार झालं. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे आले, त्यांनी २९ जून २०२२ रोजी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला. सभागृह एक, मुख्यमंत्री तीन.

शपथ घेताना ठाकरे विधानसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य नव्हते. घटनेचं कलम १६४ अशा व्यक्तीला सहा महिन्यांची सवलत देतं. करोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या आणि ही सवलत मे २०२० च्या अखेरीस संपणार होती. शेवटी त्याच महिन्यात ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

याउलट वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त काळ, सलग मुख्यमंत्री राहिले. त्यांच्यानंतर पाच वर्षांचा पूर्ण कार्यकाळ पार पडला तो थेट २०१४ ते २०१९ या काळात, फडणवीस यांचा. एकाच व्यक्तीने किती वेळा निवडून यावं, यावरही आपल्याकडे बंधन नाही. दोनदाच निवडून येण्याची मर्यादा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना आहे, आपल्या सरपंचाला, आमदाराला किंवा पंतप्रधानाला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले.

गैरसमज : आमदार-खासदार म्हटलं की पाच वर्षं.

राज्यसभेच्या खासदाराची आणि विधान परिषदेच्या आमदाराची मुदत सहा वर्षांची असते. ही दोन्ही सभागृहं कायमस्वरूपी आहेत. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्या जागा भरल्या जातात. त्यामुळे लोकसभा विसर्जित झाली तरी राज्यसभा असते आणि विधानसभा विसर्जित झाली तरी विधान परिषद असते.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकप्रतिनिधी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. उरलेले १२ राज्यपाल नेमतात. यातल्या २२ जागांकडे लक्ष ठेवावं, त्यांचा संबंध पुढे येणार आहे. गोव्यात विधान परिषद नाही, त्यामुळे तिथला आमदार पाच वर्षांचाच.

गैरसमज : पोटनिवडणूक सहा महिन्यांत होतेच, आणि त्यात निवडून आलेल्याला पूर्ण मुदत मिळते.

पोटनिवडणुकीतून येणारा प्रतिनिधी आधीच्याची उरलेली मुदतच पूर्ण करतो. राज्यसभेचे खासदार राजीव सातव यांचं मे २०२१ मध्ये निधन झालं. त्यांची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत होती. त्यांच्या जागी आलेल्या रजनी पाटील यांना तेवढाच काळ मिळाला.

रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी असं कायदा म्हणतो खरा. पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल किंवा एवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड असल्याचं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तर सूट आहे. पुण्याने या सुटीचा फटका सोसला. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं, तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्यातल्या एका मोठ्या शहराला वर्षाहून जास्त काळ लोकसभेत आवाजच नव्हता.

गैरसमज : पाच वर्षं म्हणजे पाचच, त्यात बदल होत नाही.

लोकसभा आणि विधानसभा मुदतीआधी विसर्जित होऊ शकतात आणि आणीबाणीत त्यांची मुदत वाढूही शकते. ही वाढ संसदेला कायदा करून एका वेळी एक वर्षाची देता येते. १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये अशीच वाढवली गेली. तेव्हा बिहारमधून निवडून आलेले, मूळचे पुण्याचे समाजवादी नेते मधू लिमये तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलं, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी खासदारकी सोडली. शरद यादव यांनीही तेच केलं. भारतीय लोकशाहीच्या इतिहासात मुदतीचा इतका मान ठेवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

त्याच वर्षी ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदत सहा वर्षं केली, १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने ती परत पाचवर आणली. महाराष्ट्रातला परिणाम बघण्यासारखा होता. १९७२ ची विधानसभा १९७८ पर्यंत चालली. १९७८ ची मात्र फेब्रुवारी १९८० मध्ये, दोनच वर्षांत, बरखास्त झाली.

गैरसमज : सरपंच, नगराध्यक्ष, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष ही सगळी पाच वर्षांची पदं आहेत.

इथे निवडीची पद्धत बघावी लागते. आज महाराष्ट्रात सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले जातात, त्यांची मुदत पाच वर्षांची. ही पद्धत सरकारागणिक बदलत आली आहे. थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आणि थेट सरपंच २०१७ मध्ये आले, २०२० मध्ये दोन्ही निर्णय रद्द झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाले. थेट सरपंचाला हटवायचं तर ग्रामपंचायत सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव यावा लागतो आणि त्यावर ग्रामसभेतल्या गुप्त मतदानाची मोहोर उमटावी लागते.

महापौर, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि पंचायत समितीचा सभापती यांना मात्र निवडून आलेले सदस्य आपल्यातून निवडतात, आणि ही पदं अडीच वर्षांची असतात. नगरसेवकाची किंवा गटातून आलेल्या झेडपी सदस्याची मुदत पाच वर्षं, त्याच सभागृहाच्या प्रमुखाची त्याच्या निम्मी. म्हणूनच अडीच वर्षांनी आरक्षणाची सोडत, इच्छुकांची धावपळ आणि सदस्यांच्या सहली पुन्हा दिसतात. मुंबईत पूर्वी महापौर दरवर्षी बदलत असे. दिल्ली आणि पणजीत ही निवड आजही वर्षासाठीच होते.

महापौर हा शहराचा पहिला नागरिक असला तरी महापालिकेच्या प्रशासनाची सूत्रं आयुक्ताच्या हाती असतात. तो राज्य सरकारने नेमलेला सनदी अधिकारी असतो, त्याला कोणी मत दिलेलं नसतं.

गैरसमज : नवा नगरसेवक येईपर्यंत जुनाच कायम राहतो.

राष्ट्रपतींच्या बाबतीत हे खरं आहे. मुदत संपली तरी उत्तराधिकारी सूत्रं हाती घेईपर्यंत ते पदावर राहतात, अशी तरतूद घटनेच्या कलम ५६ मध्ये आहे. नगरसेवक, झेडपी सदस्य आणि ग्रामपंचायत सदस्य यांना ही सोय नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने त्यांची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं ठरवली आणि त्यापेक्षा जास्त नाही, असं स्पष्ट बजावलं. आणीबाणीत वाढवण्याची वाटही ठेवली नाही. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, हेही घटनेतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात राज्य निवडणूक आयोगांना या कर्तव्याची ठाम आठवण करून दिली.

कागदावर सर्वात कडक असलेला हाच नियम महाराष्ट्रात सर्वात जास्त मोडला गेला. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, नवी मुंबईची मे २०२० मध्ये, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२० मध्ये. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांची पाळी आली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची कसोटी लागू केली आणि त्यानंतर प्रकरण तारखांमध्ये अडकलं. ठिकठिकाणी प्रशासक बसले.

मुंबईत ७ मार्च २०२२ ला मुदत संपली तेव्हा २२७ प्रभागांत एकही नगरसेवक उरला नाही. नळाला पाणी कमी येतं, गटार तुंबलंय, हे सांगायला लोकांनी निवडलेला माणूस जवळजवळ चार वर्षं नव्हता. अर्थसंकल्पही सभागृहाविनाच मंजूर होत राहिला. विधान परिषदेच्या त्या २२ जागांनाही झळ बसली. मत देणारे नगरसेवक आणि सदस्यच नसल्याने त्यातल्या अनेक जागा मुदत संपल्यावर रिकाम्या राहिल्या. गल्लीतली निवडणूक रखडली आणि राज्याचं वरिष्ठ सभागृह अपुरं झालं.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आणि चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला. पुढे ही मर्यादा ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं, मुंबईसह २९ महापालिकांचं १५ जानेवारी २०२६ रोजी.

या संस्थांची पाच वर्षं आता त्यांच्या पहिल्या बैठकीपासून सुरू होतात आणि ती तारीख महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात कोणीही विचारू शकतो. प्रभागरचना, आरक्षणाची सोडत आणि मतदारयाद्या ही कामं त्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच मार्गी लागायला हवीत. तशी ती लागली नाहीत, तर नागरिकांनी तेव्हाच राज्य सरकार आणि राज्य निवडणूक आयोग या दोघांनाही जाब विचारावा. प्रशासक येऊन बसल्यावर हाच प्रश्न न्यायालयात न्यावा लागतो, आणि मुंबईकरांना त्याच्या उत्तरासाठी किती थांबावं लागलं हे समोर आहे.