रिकाम्या परतीचा हिशेब

संगमनेरहून पुणे साधारण १४० किलोमीटर. पण गाडी करून गेलं तर भाडं बहुधा ३०० किलोमीटरचं लागतं, कारण बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान तेवढे किलोमीटर धरायचा रिवाज आहे. चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. प्रवाशाला ही लूट वाटते. मात्र पुण्यात माणूस सोडून गाडी रिकामी परत येते, तेव्हाही डिझेल जळतं आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. किलोमीटरला १२ रुपये दर धरला तर ३६०० रुपये होतात, आणि त्यातले जवळपास निम्मे त्या रिकाम्या परतीचे असतात. टॅक्सीचा धंदा तगतो किंवा बुडतो तो या रिकाम्या किलोमीटरांवर.

२०१० साली सुरू झालेल्या ओलाने आणि २०१३ मध्ये भारतात आलेल्या उबरने मोठ्या शहरांत हेच रिकामं फिरणं कमी केलं. एक भाडं संपतं तिथून हाकेच्या अंतरावर दुसरं मिळतं. सुरुवातीची स्वस्ताई मात्र केवळ या हुशारीची नव्हती. प्रवाशांच्या सवलती आणि चालकांचे बोनस गुंतवणूकदारांच्या पैशांतून दिले जात होते. तो ओघ आटला आणि झळ चालकांना बसली. भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा, असं केंद्राने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं. पुण्यात जानेवारी २०२४ मध्ये वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा सरकारी दर ठरला, तरी तो लागू व्हावा म्हणून चालकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

ॲपवरचं हे जुळवणीचं गणित संगमनेरात जसंच्या तसं बसत नाही. गावातल्या गावात रिक्षा पुरते. लांबचं भाडं पुणे, नाशिक, शिर्डी असं मोजक्या दिशांना, तेही ठरावीक वेळी. शिवाय समोर एसटी आहे, आणि मार्च २०२३ पासून तिच्यात महिलांना अर्धं तिकीट आहे. तिच्याशी टक्कर द्यायची तर सीट वाटूनच देता येते. काळी-पिवळी जीप तेच करते. ॲप जे काम सर्व्हरवर करतं, ते जीपवाला आरोळी देऊन करतो; किंमत प्रवाशाच्या खोळंब्यात वसूल होते.

स्टँडवर तोंड पाहून दर सांगतात, ॲपवर तो आधी दिसतो आणि प्रवासाची नोंदही राहते, असं ॲपच्या बाजूने म्हटलं जातं. ते खरं आहे, एकट्या बाईसाठी तर ही नोंद मोलाची. पण उघडा दर, नोंद आणि परतीचं भाडं जुळवणं यांसाठी प्रत्येक फेरीला कमिशन कापलंच पाहिजे, असं नाही. बंगळुरूत ‘नम्मा यात्री’ या ॲपने कमिशनऐवजी चालकांकडून ठरावीक वर्गणी घेण्याचा मार्ग दाखवला. ज्या तालुक्यात गावोगावचं थोडं थोडं दूध गोळा करून सहकारी संघ उभा राहिला, तिथे पुण्याहून आणि नाशिकहून परतणाऱ्या गाड्यांची यादी एकत्र ठेवणं अवघड नसावं. सहकारात राजकारण शिरतं, हा आक्षेप नगर जिल्ह्यात कुणी खोडून काढणार नाही. तरी संस्थेत चालकाला निदान एक मत असतं. कंपनीच्या दरात तेवढंही नाही. चालकांनी सुरुवात साध्या कामाने करावी: पुणे, नाशिक, शिर्डीचे एकेरी आणि परतीसह दर लिहिलेला फलक बसस्थानकाबाहेर स्वतःहून लावावा.