विश्लेषण : रक्तवाहिन्यांभोवतीची चरबी गर्भारपणात काय करते?

चरबी म्हटले की पोट, कंबर आणि वजनकाटा आठवतो. पण शरीरातील बहुतेक मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीही चरबीचा थर असतो. हा थर केवळ आधार देतो, असा समज दीर्घकाळ होता.

समज कधी बदलला?
१९९१ मध्ये अमेरिकेतील सॉल्टिस आणि कॅसिस यांनी उंदरांच्या महाधमनीवर प्रयोग केले. नॉरएपिनेफ्रिन या संप्रेरकाने धमनी आकुंचन पावते. पण भोवतीची चरबी तशीच ठेवली, तर ती कमी आकसते, असे त्यांना दिसले. ही चरबी नायट्रिक ऑक्साइड, अॅडिपोनेक्टिन यांसारखे घटक स्रवते आणि रक्तवाहिनी सैल ठेवण्यास मदत करते, हे पुढे स्पष्ट झाले.

गर्भारपणाशी संबंध काय?
गर्भारपणात शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. तरीही मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. गर्भाशयाच्या धमन्या रुंदावतात, म्हणून वारेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचते. या बदलात भोवतीच्या चरबीचाही वाटा असू शकतो. मात्र तिचे काम सर्वत्र सारखे नसते. गर्भार उंदरांवरील प्रयोगांत गर्भाशयाच्या धमनीभोवतीची चरबी धमनी सैल होण्यात अडथळा आणते, असे आढळले.

लठ्ठपणात काय बिघडते?
चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू कमी पडतो आणि दाह सुरू होतो. मग धमनी सैल ठेवण्याचा गुण हरवतो. मानवी धमन्यांच्या नमुन्यांतही हे दिसले आहे. लठ्ठ मातांमध्ये प्रीएक्लॅम्पसियाचा धोका अधिक असतो. त्यामागे अनेक कारणे आहेत. ही चरबी त्यातील एक दुवा असू शकते.

गर्भवतींनी काय करावे?
ही चरबी मोजणारी चाचणी नेहमीच्या तपासणीत नसते. रक्तदाब मात्र सहज मोजता येतो. २० आठवड्यांनंतर तो १४०/९० किंवा अधिक असेल, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा. वजन कमी करण्यासाठी मनाने उपास धरू नयेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. ती चुकवू नये.