आधी व्हाइस, मग माउस

ग्राहकाकडून येणाऱ्या थ्रीडी फाइलमध्ये जॉबची सगळी मापं असतात. तो मशीनवर धरायचा कसा, हे मात्र त्यात कुठेच नसतं. कॅम प्रोग्रामरचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

भोसरी एमआयडीसीतल्या ज्या शॉपमध्ये मी प्रोग्रामिंग करतो, तिथे आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली मुलं सॉफ्टवेअर उघडलं की थेट टूलपाथ काढायला घेतात. क्लासमध्ये क्रमच तसा शिकवलेला असतो: मॉडेल घ्या, स्टॉक द्या, पॉकेट निवडा, ओके करा. स्क्रीनवर निळ्या-पिवळ्या रेषा उमटतात आणि प्रोग्राम झाला असं वाटतं. पण सॉफ्टवेअरमधला प्रत्येक रकाना मशीनजवळच्या कुठल्या तरी खऱ्या वस्तूबद्दल विचारत असतो. आपण तो तसाच सोडला, तर आधीपासून भरलेला आकडा लागू होतो. तो आकडा भरणाऱ्याने आपलं मशीन, आपलं टूल, आपली व्हाइस पाहिलेली नसते. म्हणून मी नव्या मुलांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की ज्या रकान्याचं उत्तर ठाऊक नाही त्याचं उत्तर मशीनपाशी जाऊन आणायचं.

एक जॉब घेऊन बोलू. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचं कंट्रोलर हाउसिंग आहे. बाहेरून १६० बाय ११०, उंची ४०. आत ३५ मिलिमीटर खोल पॉकेट, चारही भिंती ३ मिलिमीटरच्या, आतले कोपरे ५ रेडियसचे. मशीन तीन अक्षांचं साधं व्हीएमसी, स्पिंडल ८,००० आरपीएमचा. असे जॉब इथे रोज येतात.

व्हाइसमध्ये फक्त ५ मिलिमीटर धरायचं ठरवलं, तर एकाच सेटिंगमध्ये वरचा फेस, बाहेरची बाजू आणि आतलं पॉकेट, सगळं निघतं. त्यासाठी ब्लॉक ४८ उंचीचा कापून मागवावा लागतो: १ फेसिंगला, ४० जॉबचे, ५ जॉमध्ये आणि मधले २ टूल जॉला लागू नये म्हणून. म्हणजे मटेरियलची ऑर्डर देण्याआधीच प्रोग्रामचा सांगाडा ठरलेला असतो. दुसऱ्या सेटिंगमध्ये जॉब उलटा करून खालचा ७ मिलिमीटरचा थर काढायचा. तेव्हा मात्र ३ मिलिमीटरच्या भिंती जॉमध्ये येतात. नेहमीच्या जोराने व्हाइस आवळली तर त्या आत दबतात आणि तळ त्याच अवस्थेत मशीन होतो. व्हाइसमध्ये असताना डायल सगळं बरोबर दाखवतो, जॉब सैल केला की तळ वाकलेला निघतो. उपाय सोपा आहे. सॉफ्ट जॉ कापून घ्यायचे, पॉकेटमध्ये नेमका बसेल असा एक ब्लॉक आत ठेवायचा आणि मग बेताने आवळायचं. तो ब्लॉक बनवायचा प्रोग्रामही आपल्यालाच करावा लागतो, आणि तो आधी करावा लागतो.

आता टूल. आतला कोपरा ५ रेडियसचा दिसला की १० मिलिमीटरची एंडमिल घ्यायचा मोह होतो, कारण तिचा रेडियस तेवढाच आहे. पण सरळ भिंतीवर जे टूल थोडंसंच कापत होतं, ते कोपऱ्यात शिरलं की पाव वर्तुळभर मटेरियलला एकदम भिडतं. लोड अचानक वाढतो, टूल किंचाळतं आणि कोपऱ्यात लहरी उमटतात. फिनिशिंगला ८ मिलिमीटरचं टूल घेतलं तर ते कोपऱ्यात वळसा घेत फिरतं आणि आवाज एकसारखा राहतो. डिझाइन करणाऱ्यांशी बोलण्याची सोय असेल, तर कोपरा ५ ऐवजी ६ चालेल का, हे जरूर विचारावं. बहुतेक वेळा चालतो, आणि मग १० चं टूल निर्धास्त वापरता येतं.

टूल होल्डरमधून किती बाहेर काढायचं, हा रकाना मुलं सर्वांत हलक्यात घेतात. टूलचं वाकणं त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४० ऐवजी ६० मिलिमीटर बाहेर ठेवलं, तर तेवढ्याच जोराला ते जवळजवळ ३.४ पट वाकतं. ३५ खोल पॉकेटला ४० बाहेर पुरेसं आहे. पण होल्डर भिंतीच्या माथ्याला घासणार नाही ना, हे तपासायचं तर होल्डरचा खरा आकार सॉफ्टवेअरमध्ये भरलेला हवा. कॅटलॉग उघडा, नाहीतर व्हर्नियर घेऊन होल्डर मोजा. हे काम एकदा केलं की त्या टूलपुरतं कायमचं होतं.

स्पीड आणि फीडचे आकडे पाठ करू नका, काढायला शिका. आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले १,००० भागिले पाय गुणिले टूलचा व्यास. १२ मिलिमीटरची तीन फ्लूटची कार्बाइड एंडमिल अ‍ॅल्युमिनियमवर मिनिटाला ३०० मीटरने चालवायची, तर साधारण ७,९५० आरपीएम येतात. आपला स्पिंडल ८,००० चा आहे, म्हणजे हिशेब काठावर बसला. ८ मिलिमीटरच्या टूलला मात्र याच मशीनवर २०० मीटरच्या पुढे जाता येत नाही. कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असो, मर्यादा स्पिंडलची आहे. फीड म्हणजे आरपीएम गुणिले फ्लूट गुणिले प्रत्येक दाताचा घास. ०.०८ चा घास धरला तर मिनिटाला सुमारे १,९०० मिलिमीटर.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आजकालच्या अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा डायनॅमिक टूलपाथमध्ये टूल खोल उतरतं, पण बाजूने अगदी थोडं कापतं. १२ च्या टूलने बाजूने १.२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या १० टक्के घेतले, तर दात मटेरियलमध्ये शिरतो न शिरतो तोच बाहेर पडतो. चिपची खरी जाडी आपण दिलेल्या घासाच्या ६० टक्केच भरते. ०.०८ दिलं तरी प्रत्यक्षात चिप ०.०५ च्या आसपास. अशा वेळी फीड तसाच ठेवला, तर टूल कापण्यापेक्षा घासत राहतं, तापतं आणि अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटतं. म्हणून फीड १.६७ पटीने वाढवायचा, मिनिटाला ३,२०० च्या जवळ न्यायचा. नवा प्रोग्रामर नेमका इथे घाबरतो आणि फीड कमी करतो. कमी फीड म्हणजे सुरक्षित फीड, ही समजूत टूलं खाते.

मटेरियलमध्ये उतरायचं कसं, तेही सांगावं लागतं. एंडमिल ड्रिलसारखी सरळ खाली ढकलू नका. मळसूत्री वाटेने, दोन-तीन अंशांच्या उतारावर उतरवा आणि चिप्स बाहेर यायला जागा ठेवा. रफिंग आत आणि बाहेर दोन्हीकडे आधी पूर्ण करा, सगळीकडे ०.३ मिलिमीटर शिल्लक ठेवा आणि त्यानंतरच फिनिशिंगला हात घाला. एवढं मटेरियल निघाल्यावर ब्लॉकमधला ताण सुटतो आणि भिंती किंचित हलतात. त्या हलून झाल्या की मगच शेवटचं माप गाठायचं. १२ च्या टूलने कोपऱ्यात सोडलेलं मटेरियल रेस्ट मशीनिंगने ८ च्या टूलकडून काढून घ्या, नाहीतर फिनिशिंगचा पास कोपऱ्यात आल्यावर त्याच्यापुढे अचानक जाड थर येतो. भिंत फिनिश करताना टूल तळाला टेकवू नका, दोन-तीन शतांश वर ठेवा. तळ वेगळा काढा.

स्टॉकचा रकाना कास्टिंगच्या कामात आणखी परीक्षा घेतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपट्ट्यातून येणाऱ्या बिडाच्या जॉबला चौकोनी ब्लॉक समजून चालत नाही. साच्याचे दोन भाग थोडे सरकले की एका बाजूला ३ मिलिमीटर मटेरियल मिळतं आणि दुसऱ्या बाजूला ५. वरच्या कातडीत वाळू अडकलेली असते आणि ती कडकही असते. पहिला कट कातडीच्या वरवर घेतला तर इन्सर्टची धार तिथेच झिजते. कातडीच्या खाली जाईल इतका खोल घ्यावा लागतो. म्हणून प्रोग्राम करण्याआधी दोन-चार कास्टिंग टेबलावर ठेवून हाइट गेजने मोजा आणि त्यातल्या सर्वांत जाड कास्टिंगप्रमाणे स्टॉक द्या.

डाय-मोल्डच्या कामात वेळेचा हिशेब वेगळ्या रकान्यात दडलेला असतो. १० मिलिमीटरच्या बॉलनोजने ०.५ च्या स्टेपओव्हरने पृष्ठभाग फिरवला, तर दोन पासांमधल्या उंचवट्याची उंची सुमारे ६ मायक्रॉन राहते. स्टेपओव्हर निम्मा केला तर ती चौथाईवर, दीड मायक्रॉनवर येते आणि वेळ दुप्पट लागतो. पुढे हाताने पॉलिश होणार असेल तर पॉलिशवाल्याला काय हवं ते विचारून हा आकडा ठरवा. सपाट भागावर बॉलनोज नेऊच नका. तिच्या टोकाशी कटिंग स्पीड शून्य असतो, तिथे ती कापत नाही, नुसती रगडते.

सगळे टूलपाथ झाले की पोस्ट-प्रोसेसर येतो. १९५२ मध्ये एमआयटीत पहिलं न्यूमरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. त्यानंतर त्याच संस्थेत डग्लस रॉस यांच्या पुढाकाराने एपीटी ही भाषा तयार झाली. टूलची वाट एकदा ठरवायची आणि ती प्रत्येक मशीनच्या बोलीत वेगळी उतरवायची, ही व्यवस्था तेव्हापासूनची आहे. फानुक, सीमेन्स आणि हायडेनहाइन यांची बोली आजही वेगळी आहे. म्हणून दुसऱ्या मशीनचा पोस्ट ‘चालून जाईल’ म्हणून वापरू नका. फानुकच्या जुन्या, प्रचलित सेटिंगमध्ये दशांश चिन्ह नसलेला एक्स १० म्हणजे १० मायक्रॉन. चिन्ह दिलं की तोच १० मिलिमीटर. प्रोग्राम हाताने दुरुस्त करताना एवढा एक ठिपका राहिला तरी जॉब जातो. यासाठीच मी मुलांना कॅमच्या आधी हाताने प्रोग्राम लिहायला लावतो. चार होल आणि एक पॉकेट स्वतः लिहिलेल्या मुलाला पोस्टमधून आलेल्या पहिल्या वीस ओळी वाचता येतात. कुठला झीरो घेतला, कुठलं टूल आलं, लांबीचा ऑफसेट कितवा आहे, हे तो मशीन सुरू होण्याआधीच ताडून बघतो.

सिम्युलेशन जरूर चालवा, पण ते काय दाखवतं हे लक्षात ठेवा. व्हाइस, क्लॅम्प आणि बोल्ट मॉडेलमध्ये घातलेच नाहीत, तर टूल त्यांच्या आरपार जातं आणि स्क्रीन हिरवी राहते. मशीनवर टूलची लांबी चुकीची भरली गेली, तर तेही सिम्युलेशनला कळायचं कारण नाही.

म्हणून पहिला जॉब लागतो तेव्हा प्रोग्रामरने खुर्चीत बसू नये. आमच्या व्हीएमसीवरचे जुने सेटर काका ही वेळ कशी काढतात, ते बघण्यासारखं आहे. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्क्यांवर, डावा अंगठा फीड होल्डवर. ऑफसेट घेणारी जी-४३ ची ओळ सुरू होते, टूल खाली येऊ लागतं आणि मध्येच ते थांबवतात. शेजारी उभ्या मुलाला विचारतात,

“डिस्टन्स टू गो बघ. बाकी किती दाखवतंय?”

“चाळीस, काका.”

“प्रोग्रामात झेड कितीवर थांबणार आहे?”

“जॉबच्या वर पाचवर.”

“मग आत्ता पट्टी लावली तर किती यायला पाहिजे?”

मुलगा स्टीलची पट्टी टूलच्या टोकाशी धरतो. पंचेचाळीस. काका सायकल स्टार्ट दाबतात. पट्टीवर पंचवीस आले असते, तर टूल जॉबमध्ये १५ मिलिमीटर घुसलं असतं, आणि ते घुसण्याआधीच इथे कळलं असतं. टूलचा नंबर एक आणि ऑफसेटचा नंबर दुसरा, किंवा लांबी घ्यायचीच राहिली, अशी कारणं मग शांतपणे शोधता येतात. प्रत्येक टूलला हे एकदाच करायचं असतं आणि पाव मिनिटसुद्धा लागत नाही.

झीरो कुठे घ्यायचा, हे सेटरला नुसतं तोंडी सांगू नका. आपल्या हाउसिंगमध्ये प्रोग्रामचा झीरो फेसिंगनंतरच्या पृष्ठावर आहे, म्हणजे कच्च्या ब्लॉकच्या १ मिलिमीटर खाली. सेटरने तो कच्च्या पृष्ठावरच घेतला, तर फेसिंग हवेत फिरतं आणि वरची कातडी तशीच राहते. सेटअप शीटवर एक चित्र, झीरोची खूण, व्हाइसमध्ये किती धरायचं आणि प्रत्येक टूल किती बाहेर ठेवायचं, एवढं असलं की रात्रपाळीत फोन येत नाही.

पहिला जॉब चालताना कान उघडे ठेवा आणि चिप्स हातात घेऊन बघा. एकसारख्या, चकचकीत, सुट्ट्या चिप्स म्हणजे घास बरोबर आहे. भुगा पडत असेल तर टूल घासतंय. काका कोपऱ्यात आवाज ऐकून फीड ८० टक्क्यांवर आणतात, दुसऱ्या पासला कूलंटचा नोझल वळवतात, कधी एक ओळ बदलतात. हे सगळं लिहून घ्या आणि त्याच दिवशी कॅमच्या मूळ फाइलमध्ये भरा. आमच्याकडे बहुतेक सुधारणा मशीनच्या मेमरीत राहतात. पुढच्या ऑर्डरला कुणीतरी मूळ फाइलवरून पुन्हा पोस्ट काढतो आणि वर्षभरात कमावलेलं शहाणपण एका क्लिकमध्ये पुसलं जातं. सेटरच्या कानाला कळलेला आकडा प्रोग्रामरच्या फाइलमध्ये पोहोचला, तरच पुढच्या वेळी तो रकाना उघडणाऱ्या नव्या मुलाला त्यात आपल्याच मशीनने दिलेलं उत्तर सापडेल.