तळाकडून पाहिलेला बूट

वार्षिकांकात बुटांवर लेख पाहून काहींना नवल वाटेल. आपल्या भाषेत पादत्राणांची प्रतिष्ठा तशी दुटप्पीच आहे. भरताने सिंहासनावर ठेवलेल्या पादुका पूज्य, आणि 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मात्र माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी. माझे आजोबा सांगत की, त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांनी पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या असत. गंमत अशी की त्या वहाणा, आणि पाटलाच्या पायातल्यासुद्धा, शिवलेल्या आमच्याच माणसांनी. तेव्हा पायात काय घालावे, हा प्रश्न आमच्या घरी निव्वळ हौसेचा कधीच नव्हता.

माझे वडील गटई कामगार आहेत. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल मिळतात. तसाच एक आमचा, विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसतो. दुकानदार बूट वरून दाखवतो. आमच्याकडे तो उलटा होऊन येतो. वडील बूट उलटा धरतात आणि बोलू लागतात. टाच मागून, किंचित बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर चाल सरळ. आतल्या बाजूने झिजली असेल तर बहुधा तळवा सपाट. डाव्या बुटाचा पंजा वरून घासलेला असेल तर धनी मोटारसायकल चालवतो, कारण गिअर डाव्या पायात. शाळेची पायरी न चढलेला माणूस इतके वाचतो, हे पाहून मला माझ्या द्वितीय वर्षाच्या पुस्तकांचा थोडा हेवा वाटेनासा होतो.

असे शेकडो बूट पाहून माझे जे मत झाले ते आधीच सांगतो. बूट घेताना दोनच प्रश्न विचारावेत : हा माझ्या पायाच्या आकाराचा आहे काय, आणि हा मोडला तर उघडून दुरुस्त करता येईल काय? रंग, नाव, जाहिरातीतला खेळाडू हे सारे त्यानंतर.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण तिथेच बहुतेकांची फसगत होते. आपण 'आठ नंबर द्या' म्हणतो. हा नंबर आपला नव्हेच, तो इंग्रजी मापाचा आहे. त्या मोजणीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. पूर्वी जवाच्या दाण्यावरून ठरलेला. शिवाय तो सांगतो फक्त लांबी. रुंदीबद्दल मुका. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021–22 मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मोजमापे घेतली, तेव्हा आपले पाय पंजाशी रुंद असल्याचे आढळले. त्यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली आहे. पंजा दाबला जातो म्हणून आपण एक नंबर मोठा बूट घेतो. मग पंजा बसतो, पण टाच सुटते, आणि चालताना मागे फोड येतो. नंबर वाढवणे हा रुंदीवरचा उपाय नव्हे. दुसऱ्या घडणीचा, रुंद पंजाचा बूट मागावा.

खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी कल्याणहून गर्दीच्या गाडीत उभे राहून येताना आवळू लागतो. रोज वापरतो तेच मोजे घालून जावे. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून दोन्ही बूट घालून पाहावेत व मोठ्या पायाला प्रमाण मानावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. (सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही; पुष्कळांचे त्याच्या शेजारचे असते.) आणखी एक युक्ती वडिलांची : आतला सुटा पातळ तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभे राहावे. पाय त्याच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट आपला नाही. 'वापरून सैल होईल' असे दुकानदार हमखास म्हणतो. कातडे रुंदीला थोडे सैल होते हे खरे. लांबीला होत नाही. आणि रेक्झीन तर कशालाच होत नाही.

मग बूट हातात घेऊन वाकवावा. पाय जिथे वाकतो, म्हणजे बोटांच्या मुळाशी, तिथेच बूट वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर तो पायाला आधार देणार नाही. टाचेमागची वाटी दोन बोटांनी दाबावी; ती घट्ट हवी. एवढ्या परीक्षेला दोन मिनिटे पुरतात, आणि दुकानदार रागावला तर रागावू द्यावा.

आता दुसरा प्रश्न, जो दुकानात कोणीच विचारत नाही. तळ वरच्या भागाला जोडला कसा आहे? आजचे बहुतेक स्वस्त बूट चिकटवलेले असतात, किंवा वितळलेला तळ साच्यात वरच्या भागाखाली ओतलेला असतो. चिकटवलेला तळ सुटला तर सोल्यूशन लावून, कडेने टाके घालून वाचवता येतो. ओतलेला तळ मधोमध तडकला की वडील मान हलवतात. सर्वांत टिकाऊ घडण शिलाईची. तिच्यातही एक जुनी रीत 'वेल्ट'ची : वरच्या भागाला आधी सगळीकडून कातड्याची एक पट्टी शिवतात, आणि तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की टाके उसवून नवा बसवता येतो, वरच्या कातड्याला भोकही पडत नाही. असा बूट महाग असतो, पण त्याला दोन-तीन आयुष्ये असतात. कारखानदारांना शिलाईची प्रतिष्ठा ठाऊक आहे. म्हणूनच कित्येक बुटांच्या कडेला टाक्यांचे नुसते ठसे असतात, साच्यातच उमटवलेले! नखाने खरवडून पाहावे. खरा दोरा बोटाला लागतो.

तळ कशाचा, हेही पाहावे. रबर जड असते पण ओल्या फरशीवर पकड धरते. साधे प्लास्टिक थंडीत कडक, पावसात घसरडे. आमच्या स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर त्याची परीक्षा रोज होते. हलका, फेसासारखा तळ चालायला सुखाचा, पण लवकर दबतो. आणि एक प्रकार असा आहे की ज्याने मला खरोखर चकित केले. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ खोक्यातला बूट घेऊन आले. लग्नासाठी घेतलेला, चार-पाच वेळाच घातलेला, मग कपाटात जपून ठेवलेला. भाचीच्या हळदीला काढला तर तळ चिक्कीसारखा हातात चुरा होऊन आला. त्यांना वाटले, कोणी माल बदलला. तसे काही नव्हते. तो तळ पॉलियुरेथेनचा होता. त्याच्या काही प्रकारांत हवेतली ओल शिरते आणि त्या पदार्थाच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. आपल्या दमट हवेत हे काम बिनबोभाट चालते, बूट वापरात नसला तरी. तेव्हा असा बूट जपून ठेवणे हीच त्याची हानी. घेतला की वापरावा. वडिलांनी त्या गृहस्थांकडून पैसे घेतले नाहीत. शिवायला काही उरलेच नव्हते.

वरचा भाग कातड्याचा की रेक्झीनचा, याची परीक्षा वासावर करू नये. वास हल्ली फवारतात. कापलेली कड शोधावी, बहुधा नाडीच्या भोकांपाशी किंवा जिभेच्या टोकाला सापडते. कातड्याची कड तंतुमय, केसाळ दिसते. रेक्झीनच्या खाली कापडाची वीण दिसते. बोटाने दाबले की कातड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात. 'अस्सल चामडे' असा शिक्का पाहून मात्र हुरळून जाऊ नये. कातडे आडवे चिरले की वरचा थर मजबूत आणि खालचा कमकुवत निघतो. त्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप दिला तरी त्याला कातडेच म्हणतात. सहा महिन्यांनी लेप पापुद्र्यासारखा निघतो.

आमच्या भागात पर्याय पुष्कळ आहेत. शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारात स्वस्त बुटांचे ढीग असतात. त्यांवरची परदेशी नावे वाचून करमणूक होते, पण वर सांगितलेल्या परीक्षा केल्या तर त्या ढिगातही चांगला जोड सापडतो. कुर्ला–चेंबूरच्या बाजूला ठक्करबाप्पा वसाहतीत हाताने बूट घडवणारे कारागीर आहेत. अंबरनाथच्या कारखान्यांत जाणारे मित्र कामाचेच बूट एरवीही घालतात. त्यांत पोलादी टोपीचा बूट असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह व आयएस 15298 हा क्रमांक पाहावा. त्या मानकाच्या सुरक्षा बुटाची टोपी 200 जूलचा आघात सोसते, म्हणजे वीस किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून पडले तरी बोटे वाचतात. फक्त तो बूट जड असतो. कॉलेजात मिरवायला घेऊ नये.

आणि कोल्हापुरी? तिला बूट म्हणता येणार नाही, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तिच्याइतकी प्रामाणिक वस्तू मी पाहिली नाही. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले कातडे, हाताची शिलाई. जे जोडले आहे ते सारे सोडवता येते. 2019 मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच पादत्राणे मांडली, आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. वडिलांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "टाके किती दाट आहेत?" पावसाळ्यात मात्र कोल्हापुरी घालू नये. भिजली की तिचे कातडे फुगते आणि वाळताना आकसते.

हिशेबाचेही बोलू. समजा पाचशेचा बूट एका पावसाळ्यात संपतो आणि दीड हजारांचा, मध्ये दोनशेची टाच व टाके करून, चार वर्षे चालतो. पहिला वर्षाला पाचशे पडतो, दुसरा सव्वाचारशे. फरक थोडा दिसतो, पण अडचण वेगळीच आहे : दीड हजार एकदम हातात कोणाच्या असतात? आमच्या घरी नसतात. गरिबाला महाग पडणारी वस्तू तोच विकत घेतो, कारण तिचे पैसे आज थोडे द्यावे लागतात. म्हणून मी मित्रांना सांगतो की चारशेचा घ्यायचा तर तोही चिकटवलेला घ्या, ओतलेला नको. निदान तो आमच्या स्टॉलवर येऊ शकेल. ओतलेल्या तळाच्या बुटांनी गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांचेही नुकसान केले आहे. आरी आणि रापी घेऊन बसलेल्या माणसासमोर असा बूट आला की त्याचे तीस वर्षांचे ज्ञान कामाचे राहत नाही.

शेवटी पावसाळ्याबद्दल, कारण वालधुनीच्या काठच्या आम्हां लोकांना तोच खरा शत्रू. भिजलेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. कातडे तडकते आणि चिकट सुटते. आतला तळ काढावा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन-तीन तासांनी बदलावेत आणि बूट आडवा करून पंख्याखाली ठेवावा. एकच जोड असेल तर रात्रभरात पुरता वाळत नाही. त्या दिवसांत साधी रबरी चप्पल घालून कॉलेजला यावे. टाच अर्धी झिजली की लगेच आणावी. खिळा तळातून वर दिसू लागेपर्यंत थांबलात तर टाचेबरोबर आतला तळही बदलावा लागतो.