घरशाळा : वर्ग घरी भरला, तरी दाखला लागतोच

जवळा बाजार (जि. हिंगोली) : मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असे औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावात कोणी म्हटले, तर शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न दाखल्याचा असेल. पोर शिकेल, पण दाखला कोण देणार? या साध्या प्रश्नात घरशाळेचा निम्मा गुंता सामावलेला आहे. पुण्या-मुंबईतील काही कुटुंबांनी 'होमस्कूलिंग'चा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला आहे. तो पुण्यातील पालकाला जितका खुला आहे, तितकाच परभणी-हिंगोली रस्त्यावरील या बाजारपेठेच्या गावातील पालकालाही. तो निभावण्याची किंमत मात्र दोघांना सारखी पडत नाही.

कल्पना जुनीच

घरी शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृतचे धडे त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी दिले. लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकवले होते. या घरच्या विद्येच्या बळावर १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु तेव्हा मुलीला शिकवायचे तर बहुधा घराशिवाय दुसरी जागा नव्हती. आज शाळा गावात आहे. ती असताना घर निवडायचे, तर पालकांवरील जबाबदारी वाढते.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे या कायद्याचे दहावे कलम सांगते. मात्र हे कर्तव्य न पाळल्यास पालकांना दंड करण्याची तरतूद त्यात नाही. घरशाळेला कायद्याने स्पष्ट मान्यता दिलेली नाही, तशी स्पष्ट मनाईही केलेली नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात घरी शिकणारे मूल 'शाळाबाह्य' ठरू शकते.

परतीची वाट मात्र कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण घेण्याचा हक्कही मिळतो.

परीक्षेच्या वाटा

दहावीपर्यंत पोचण्याचा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. येथे दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रमाणपत्रासाठी पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. नोंदणी पाच वर्षे वैध राहते व त्या काळात नऊ संधी मिळतात. मराठी माध्यमही उपलब्ध आहे.

दुसरा मार्ग राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा अर्ज', म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देण्याचा. हिंगोली जिल्हा मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. या अर्जाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. काही वर्षे शाळेत जाऊन मग घरी बसलेल्या मुलाला तो मिळतो. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाची मात्र येथे अडचण होते. राज्य शासनाने महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केले असून पाचवी व आठवीच्या स्तरावरील परीक्षांची सोय त्यात आहे.

कागदाचे महत्त्व मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणातून दिसून आले. सातवीनंतर तिने शाळा सोडली, घरी अभ्यास केला आणि संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला. असे यश अपवादात्मक आहे; दाखल्याची अडचण मात्र प्रत्येकाची.

पुढील काळात काही अडथळे दूर झाले. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांचा 'नीट' परीक्षेचा मार्ग २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोकळा झाला.

घरावर पडणारा भार

घरशाळेत खर्चाची सर्वांत मोठी बाब पुस्तकांची नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. खरा खर्च वेळेचा आहे. आई-वडिलांपैकी एकाला दिवसाचे काही तास मुलासाठी राखून ठेवावे लागतात. नोकरदार घरात त्याचा अर्थ एका पगारावर पाणी सोडणे असा होऊ शकतो, तर सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या पट्ट्यातील शेतकरी घरात ऐन सुगीत दोन हात कमी होणे असा. बहुतेक घरांत हा भार आईच्या अंगावर येतो.

शिवाय जिल्हा परिषदेची शाळा केवळ धडे देत नाही. दुपारचा पोषण आहार, मोफत पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती यांचा लाभ हजेरीपटावरील नावालाच मिळतो. प्रयोगशाळा, मैदान आणि निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुलांची सोबत घरात उभी करणे तर त्याहून अवघड. शहरांत घरी शिकवणारी कुटुंबे एकत्र येऊन ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. गावात असे दुसरे घर सापडेलच याची खात्री नाही.

याची चुणूक राज्याने २०२० मध्ये अनुभवली. करोनाने शाळा बंद पडल्या आणि सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिका व मोबाईलवरील अभ्यास यांवर मुलांची भिस्त राहिली. ज्या घरात शिकवणारे मोठे माणूस आणि स्वतंत्र मोबाईल होता, तेथे अभ्यास चालला. जेथे दोन्ही नव्हते, तेथे तो थांबला.

निवड आणि नाइलाज

मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मजुरांची मुलेही वर्षातील काही महिने शाळेपासून दूर असतात. त्यांनी गावातच राहून शिकावे, यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. या मुलांचे शाळेत नसणे आणि घरशाळा यांची गल्लत होता कामा नये. एकात शिकवणारे कोणी आहे, दुसऱ्यात नाही. सर्वेक्षणाच्या कागदावर मात्र दोघांची नोंद एकाच रकान्यात होण्याचा संभव आहे. घरशाळेला स्पष्ट नियम हवेत ते यासाठीच.

निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टींची खातरजमा करावी. जन्माचा दाखला व आधार कार्ड तयार आहे का, मूल आधी शाळेत असल्यास सोडल्याचा दाखला घेतला आहे का, दहावी कोणत्या मंडळातून द्यायची हे ठरले आहे का, आणि पुढील आठ-दहा वर्षे रोज शिकवणार कोण. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर गावातील शाळेची घंटाच मुलाच्या हिताची आहे.