कॉलेजच्या लॅबमध्ये नीट दिसणारं पोस्टर गावात उघडल्यावर का मोडतं?

समजा, मंठ्याची एक मुलगी छत्रपती संभाजीनगरला डिझाइन शिकते. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्यामुळे सगळं काम कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतं. मंठ्यापासून जवळच असलेल्या लोणारच्या सरोवरावर तिने पोस्टर केलं. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, शनिवारी जालन्यामार्गे एसटीने सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून ती घरी आली आणि प्रिंट काढायला गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेली. फाइल उघडली, तर ‘विवर’ या शब्दाचं ‘वविर’ झालेलं. मथळ्याचा फाँट भलताच. सरोवराच्या फोटोच्या जागी धूसर चौकोन आणि लिंक हरवल्याची सूचना. सोमवारी सबमिशन आहे आणि लॅब तोपर्यंत बंद.

मुलगी काल्पनिक आहे, पण ज्यांचं काम कायम दुसऱ्याच्या मशीनवर चालतं त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. अशा वेळी ‘पेन ड्राइव्ह खराब आहे’ किंवा ‘व्हायरस आला’ असं सांगितलं जातं. बहुतेकदा दोन्ही खरं नसतं. पोस्टरचा बराचसा भाग मुळात त्या फाइलमध्ये नव्हताच, तो लॅबच्या मशीनमध्येच राहिला होता.

फाइलमध्ये नेमकं काय असतं?

इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये फोटो ‘प्लेस’ केला की तो सहसा फाइलच्या आत जात नाही. फाइल फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवते: अमुक मशीन, अमुक युजर, डेस्कटॉप, अमुक फोल्डर. दुसऱ्या मशीनवर त्या पत्त्यावर काहीच नसतं. फाँटचंही तसंच. फाइलमध्ये अक्षरं आणि फाँटचं नाव असतं, अक्षरांचे आकार मात्र मशीनवर बसवलेल्या फाँटमधून येतात. नावाचा फाँट सापडला नाही की सॉफ्टवेअर दुसरा लावतं, ओळी सरकतात आणि नेटका बसवलेला मथळा दोन ओळींवर जातो.

हे जगातल्या सगळ्याच डिझाइन विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं. मराठीत काम करणाऱ्यांना त्यावर आणखी दोन अडचणी फुकट मिळतात.

पहिली जुन्या फाँटची. श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फाँट युनिकोड रुळण्याआधीच्या काळातले. त्या पद्धतीत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं, तर कॉम्प्युटर प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवतो. फाँट असला तर ‘भारत’ दिसतं, नसला तर ती पाच अक्षरं जशीच्या तशी. तालुक्याच्या गावात फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर यांचं काम आजही मोठ्या प्रमाणावर अशा फाँटमध्ये चालतं. दुकानदाराचा वर्षानुवर्षांचा हात त्यावर बसलेला असतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दुकानात टाइप करून घेतलेला मजकूर लॅबच्या फाइलमध्ये पेस्ट केला की गोंधळ ठरलेला.

युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो फाँट बदलला तरी बदलत नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. कवी, सुलेखनकार असलेले जोशी आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत असत. ‘मंगल’ पोस्टरवर शोभत नाही ही तक्रार डिझाइनचे विद्यार्थी नेहमी करतात. तो पोस्टरसाठी नव्हे, पडद्यावर वाचता यावा म्हणून घडवलेला होता.

दुसरी अडचण ‘वविर’ची. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, दिसते मात्र व्यंजनाच्या आधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. अडोबीच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी भारतीय लिपी समजणारा वेगळा ‘कंपोझर’ आहे. जुन्या आवृत्त्यांत किंवा चुकीच्या सेटिंगमध्ये तो बंद असतो. मग वेलांटी व्यंजनापुढे येऊन शेजारच्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त चुकीचा मांडला जातो. त्यामुळे घाबरून सगळं पुन्हा टाइप करत बसू नये. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड रेडी’ किंवा ‘साउथ एशियन’ कंपोझर निवडला की बहुतेक वेळा ‘विवर’ परत जागेवर येतं.

लॅब रोज सकाळी विसरते

बऱ्याच लॅबमध्ये ‘डीप फ्रीझ’सारखं सॉफ्टवेअर असतं. मशीन रिस्टार्ट झालं की ते मूळ स्थितीत जातं. काल बसवलेला फाँट, डेस्कटॉपवरचं फोल्डर, ब्राउझरमधलं डाउनलोड, सगळं गायब. लॅब सांभाळणाऱ्यासाठी हे वरदान आहे, कारण शेकडो हातांनी वापरलेली मशीन त्यामुळेच चालू राहतात. विद्यार्थ्याला मात्र याची पूर्वकल्पना हवी. वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर सॉफ्टवेअरने ‘ऑटो रिकव्हरी’साठी ठेवलेली प्रतसुद्धा त्याच सफाईत जाऊ शकते.

फाँटबाबत आणखी एक बारकावा. विंडोज १०च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून अॅडमिनच्या पासवर्डशिवाय फाँट बसवता येतो, पण फक्त त्या युजरसाठी, त्याच मशीनवर. शेजारच्या खुर्चीत बसलं की तो नसतो.

तशी मशीन वाटून वापरण्याची सवय भारतात जुनी आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा इतर संस्थांचे संशोधकही छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन आपलं काम त्यावर करून घेत. मशीन कुणाचंच नव्हतं, गठ्ठा मात्र ज्याचा त्याचा होता. आजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याला तो गठ्ठा स्वतः बांधावा लागतो.

गठ्ठा कसा बांधायचा?

इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरच्या फाइल मेनूत ‘पॅकेज’ आहे, कोरलड्रॉमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’. एका क्लिकमध्ये फाइल, फोटो आणि शक्य तिथे फाँट एकाच फोल्डरमध्ये गोळा होतात. ‘शक्य तिथे’ म्हणायचं कारण परवान्याचं आहे. विकतचे आणि क्लाउडवरून येणारे काही फाँट असे उचलून नेता येत नाहीत. म्हणून लॅबवर अवलंबून असलेल्याने मुक्त परवान्याचेच फाँट निवडणं शहाणपणाचं. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ असे आहेत. ते गावातल्या दुकानातही बेलाशक बसवता येतात.

छपाईसाठी पीडीएफ द्यावी, तिच्यात फाँट अंतर्भूत करता येतात. मात्र दुकानदार ती पीडीएफ कोरलमध्ये उघडून सेव्ह करू लागला, तर फाँटचं रडगाणं पुन्हा सुरू. अशा वेळी मजकुराचे आकार करून दिलेली वेगळी प्रत उपयोगी पडते. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ, कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. आकार केलेल्या मजकुरात शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल बाजूला ठेवणं आवश्यक.

पेन ड्राइव्हवर ‘जागा आहे, पण फाइल जात नाही’ असं झालं, तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, एक्सफॅटमध्ये मावते. फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, हे आधी लक्षात घ्यावं. दुसरी प्रत ऑनलाइन असावी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. लॅबमधून उठताना त्या खात्यातून बाहेर पडायला मात्र विसरू नये.

यातलं काही कॉलेजच्या हातात आहे आणि ते करायला फार पैसे लागत नाहीत. सत्राच्या सुरुवातीला दहा-बारा मुक्त मराठी फाँट प्रत्येक मशीनवर कायमचे बसवले आणि कंपोझरचं सेटिंग एकदाच नीट केलं, तर लॅपटॉप नसलेल्या मुलीचे गुण तिच्या डिझाइनवर ठरतील. लॅबच्या चालकाकडे हे मागायची वेळ सत्राच्या पहिल्या आठवड्यात असते. एकदा मशीन ‘फ्रीझ’ झाली की एका फाँटसाठी ती सगळी पुन्हा उघडायला कुणी सहसा तयार होत नाही.