चाकोरी

चाकोरी सोडून चालणाऱ्याचं आपल्याकडे भारी कौतुक होतं. गयानातल्या जंगलात, जून महिन्यातल्या एका पहाटे, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या मिनीबसच्या ड्रायव्हरने मला नेमकं उलटं शिकवलं.

गयाना दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. वस्ती आठ लाखांच्या आसपास, तीही बहुतेक समुद्रकाठी. मागे सगळं अरण्य. राजधानी जॉर्जटाउनहून ब्राझीलच्या सीमेवरच्या लेथम गावी जायला जमिनीवरून एकच वाट. मी गेलो तेव्हा लिंडनपर्यंत डांबर होतं आणि पुढचे साडेचारशे किलोमीटर कच्चे. (त्यातला लिंडन ते मबुरा हिल हा १२१ किलोमीटरचा पट्टा पक्का करण्याचं काम त्यानंतर हाती घेतलं गेलं.) मिनीबस संध्याकाळी सुटते. कारण वाटेतल्या कुरुपुकारीला एसेक्विबो नदी आडवी येते आणि तिथलं पाँटून, म्हणजे गाड्या वाहून नेणारा सपाट तराफा, दिवसाउजेडीच चालतं. पहाटेच्या पहिल्या फेरीला पोचायचं, हाच रात्रभराच्या धडपडीचा हिशेब.

लिंडन सोडल्यावर पांढरी वाळू लागते. कोरडी असली की चाक गिळते, भिजली की घट्ट होते, म्हणून या पट्ट्यात पाऊस आला की ड्रायव्हर खूश. लाल माती सुरू झाली की तोच पाऊस वैरी. ही माती मला ओळखीची वाटली; मी रत्नागिरीकडचा, आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात अंगाडिपुरमला हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या मुकाट बसणारा जांभा खडी-माती होऊन रस्त्यावर पसरला, की उन्हाळ्यात गाड्यांखाली त्याला पत्र्यासारख्या पन्हळी पडतात आणि पावसात त्याचा साबण होतो. पन्हळींवर गाडी हळू न्यावी असं मला वाटे. ड्रायव्हर मात्र वेग वाढवत. चाकं उंचवट्यावरून उंचवट्यावर तरंगत जातात, हाडं वाचतात. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंग निम्मंच हातात उरतं.

ड्रायव्हरला सगळे अंकलच म्हणत, म्हणून मीही. पन्नाशीचे असावेत. १८३८ पासून कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर आणलेल्या गिरमिट्यांच्या, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांच्या, वंशातले. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंना कंडक्टर पोरगा चक्क ‘आजी’ म्हणाला तेव्हा मी दचकून वळलो. शब्द भोजपुरीतून आलेला, पण पृथ्वीच्या त्या टोकाला ऐकला की पोटात काहीतरी हलतंच.

मध्यरात्री ‘५८ माइल’ नावाच्या थांब्यावर झुल्यांत तासदोन तास पडलो. पुन्हा निघालो तर पाऊस सुरू. चारच्या सुमारास अंकलनी गाडी उभी केली, दिवे चालू ठेवले आणि पॅन्ट दुमडून खाली उतरले. समोर पंचवीसेक पावलं लांबीचा खड्डा, काठोकाठ पाण्याने भरलेला. हातातल्या काठीने ठोकत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि दुसऱ्या चाकोरीतून परत आले. गाडीने मिनिटभरात पार करायचं अंतर त्यांनी पायांनी पंधरा मिनिटं मोजलं. उजव्या अंगाला गवताची कोरडी, सपाट कड दिसत होती. मी म्हटलं, “अंकल, इकडून नाही का जाणार?”

“बेटा, तिकडून कोणी गेलेलं नाही. म्हणूनच ती छान दिसते.”

चाकोरी खोल असते, कारण शेकडो ट्रकांनी मऊ माती उपसून चाकं तळाच्या कठीण थरापर्यंत नेलेली असतात. बाजूच्या गवताखाली ती मऊ माती शाबूत असते. प्रश्न एवढाच, की चाकोरी गाडीच्या पोटापेक्षा खोल आहे का. काठीवर अंगठा ठेवून अंकलनी तेच मापलं होतं.

मग तयारी. मागच्या टायरांची हवा हिस्स करून निम्म्यावर आणली, म्हणजे चाक पसरून बसतं. पाणी थेट इंजिनावर येऊ नये म्हणून समोरच्या जाळीवर ताडपत्री बांधली. आम्ही सगळे उतरलो, आजीसुद्धा. आत शिरल्यावर गिअर बदलायचा नाही, वेग वाढवायचा नाही, थांबायचं तर नाहीच.

एवढं करूनही रुतलो. तळाशी पडलेला एक ओंडका काठीला लागला नव्हता. मागचं चाक त्यावरून घसरलं आणि गाडी पोटावर बसली. अंकलनी लगेच इंजिन बंद केलं. नवखा माणूस इथे अॅक्सिलरेटर दाबतो आणि स्वतःची कबर खोल करतो. दोन तास आम्ही फावड्याने, ताटलीने, हातांनी चाकांपुढचा चिखल उपसला आणि तिथे फांद्या कोंबल्या. डास, घाम, पाऊस. प्रत्येक फावड्याला चिखल अर्धा परत येई.

उजाडल्यावर मागून एक जुना बेडफर्ड ट्रक आला. हे ट्रक या जंगलाचे बैल. त्याच्या माणसांनी दणकट झाड निवडलं, साल सोलली जाऊ नये म्हणून बुंध्याला गोणपाट गुंडाळलं, वायररोप ताणला आणि रोपच्या मधोमध एक ओली गोणी टाकली. तुटला तर चाबकासारखा उसळतो, गोणीच्या वजनाने खाली बसतो. कंडक्टरने आम्हांला रोपच्या टप्प्याबाहेर हाकललं. गाडी बाहेर आली तेव्हा टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. बाकीचे आपापल्या चपला शोधत होते.

पाँटूनची पहिली फेरी अर्थातच हुकली. नदी ओलांडायला दुपार झाली. पलीकडे इवोक्रामाचं संरक्षित जंगल, पावणेचार लाख हेक्टरांच्या आसपासचं; रात्री त्यातली वाट गाड्यांना बंद असते, त्यामुळे अंकलनी जेवणासाठीही थांबा घेतला नाही. रोटी आणि बटाट्याची करी धक्के खात खात गिळली. अन्नाईनंतर झाडं संपून रुपुनुनीचं गवताळ मैदान लागलं, तेही जागोजागी पाण्याखाली. तीन ठिकाणी अंकल उतरले, तीन ठिकाणी काठी घेऊन चालले. समोरून गाडी आली की दोन्ही ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून थांबत आणि पुढचे-मागचे खड्डे एकमेकांना सांगत. हा नकाशा एक दिवस टिकतो, फार तर दोन.

रात्री लेथमला पोचलो. मला फक्त आंघोळ आणि पलंग दिसत होता. अंकल मात्र उतरून तडक दुसऱ्या मिनीबसकडे गेले. ती पहाटे उलट्या दिशेने निघायची होती. चिखलाने माखलेल्या तिच्या दारावर बोटाने दोन समांतर रेघा ओढल्या, डावीकडच्या रेघेवर एक फुली मारली आणि म्हणाले, “इथे ओंडका आहे.”